ब्रेकव्हॅनचं बंद दार

पोराले नाही, पोरीले नाही, एकाही दोस्ताले नाही. बायकोले, विमललेही नाही — आणि आता विमल ऐकायले नाही. चार महिने झाले तिले जाऊन. तुम्हाले सांगून राहिलो. काहून तुम्हालेच? तुम्ही मले ओळखत नाही म्हणून. उद्या चहाले येऊन "काका, काय जोडी होती तुमची" असं तरी म्हणणार नाही.

तेच ऐकून ऐकून डोकं उठलं आहे माझं. तेरवीले बीरगावच्या घरी माणसं जमली, तर पोरगी रडत रडत साऱ्यांले सांगत होती — बाबाची मालगाडी आली की आई हातातलं काम टाकून पळायची. बाया डोळे पुसायले लागल्या. मी भिंतीले टेकून बसलो होतो. वाटलं म्हणावं, चूप बस पोरी, अर्धीच गोष्ट ठाऊक आहे तुले. नाही म्हणलं. तिथंही नाही.

माझी शाळा आठवीत सुटली. यार्डात गाड्या जोडायच्या-तोडायच्या कामावर लागलो आणि घासत घासत मालगाडीचा गार्ड झालो. आता म्हणे ट्रेन मॅनेजर म्हणतात. कशाचा मॅनेजर? गाडीच्या शेपटाले लोखंडी डबा असतो, ब्रेकव्हॅन, त्यात एकटा माणूस. पंखा नाही, संडास नाही. पुढं पन्नास-साठ वॅगन कोळसा आणि त्याच्याही पुढं ड्रायव्हर. गाडी कुठं थांबन, किती तास थांबन, तुमच्या हातात काही नाही. जवळचं पाणी संपलं तर संपलं.

तवा आमचं क्वार्टर रायपूरच्या बाहेर, लाईनले लागून होतं. भिलाईकडं जाणारी गाडी मागच्या कंपाउंडापासून वीस पावलांवरून जायची. लग्न नवीन होतं तवा मीच विमलले शिकवलं — गाडी सुटली की गार्ड मागून हिरवी झंडी दाखवतो, ड्रायव्हर पुढून दाखवतो, म्हणजे सारं ठीक. एकट्यानं दाखवून होत नाही. ती नुसती हसली. पुढच्या खेपेले पाहतो तर कंपाउंडापाशी उभी, आणि ओटीत आलेला हिरवा खण हातात धरून हलवून राहिली!

मले आवडलं का? आवडलं. खोटं काहून बोलू? किती तरी वर्षं आवडत होतं. मी झंडी दाखवायचो, ती खण दाखवायची. पोट्टे मोठे झाले तरी चालूच.

मंग एका ड्रायव्हरनं पाहिलं. दुबेजी. ड्युटीवर चढताना जिथं सह्या करतात तिथं, साऱ्यांसमोर — "क्यों बोरकर बाबू, भाभी ने लाइन क्लियर दिया कि आज गाड़ी खड़ी रहेगी?" साऱ्यांनी दात काढले. डोंगरगडले रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या जागी, जेवायले बसलो तर पुन्हा तेच. "अरे भाई, इनके तो घर में भी सिग्नल है. लाल पड़ गया तो आँगन में सोते हैं."

दुसऱ्या कोणी हसून सोडून देल्लं असतं. माझ्यात तेवढा दम नव्हता. त्यांच्यासंग मी हसायचो आणि घरी येऊन तिच्यावर चिडायचो. भाजी खारट, कपडे चुरगळले — काहीही. पहिले म्हणलं, ते कापड हलवू नको, कायद्यात बसत नाही, ड्रायव्हर फसन. तिनं खण पेटीत ठेवून देल्ला. पण उभी राहायची तशीच. मंग — लय गोल गोल फिरून राहिलो मी, आता सांगतोच — मंग मी तिले म्हणलं, माझी साईड बदलली. आता मले बिलासपूर साईडच्याच गाड्या देतात. इकडून नाही जात मी.

"काहून बदलली?"

"साहेबाले विचार."

"कवापर्यंत?"

"कायमची."

"हव," म्हणली आणि भांडे घासायले बसली.

मालगाडीच्या गार्डाले कसली आली साईड? जी गाडी हातात आली ती न्यायची. महिन्यातून सात-आठ वेळा मी त्याच कंपाउंडापासून जायचो — दार लावून, आत बसून. गार्डानं बाहेर उभं राहून पाहायचं असते, कुठं धूर निघते का, काही लटकते का. तेवढ्या तुकड्यापुरतं मी तेही सोडलं. फटीतून दिसायची. कपडे वाळू घालून राहिली, नाही तर मिरच्या. गाडीच्या आवाजावर मान वर करायची, मंग खाली. रिटायर होईपर्यंत असं चाललं. नऊ वर्षं.

त्यातला एक दिवस. मे महिना, दुपारचे दोन. माझी बाटली यार्डातच संपली होती. पुढचा सिग्नल लाल, आणि गाडी थांबली ती अशी की ब्रेकव्हॅन बरोबर आमच्या कंपाउंडामागं. मी खाली फरशीवर बसलो. लोखंड तापलेलं, जीभ टाळूले चिकटलेली. तासभर झाला असन. मंग गिट्टीवर चपलांचा आवाज आला.

"गार्ड भैया! ओ गार्ड भैया! पानी ले लो, मटके का है."

दारावर बाटलीनं ठोकलं. एकदा, दोनदा.

"सो गए क्या?"

कंपाउंडाकडून शेजारीण ओरडली, "जाऊ दे वं विमल, कायले उन्हात मरतं?"

"अवं, आमच्या यांलेही तिकडं असंच कोणी देत असन ना!"

हात लांब केला असता तर दार उघडलं असतं. मी श्वास धरून बसलो. कोणाची भीती होती मले? दुबेजी तर दोन वर्षं आधीच रिटायर होऊन गावी गेला होता. हसणारं कोणी राहिलंच नव्हतं. मंग काहून नाही उठलो? उठलो असतो तर ती म्हणली असती, अवो, तुमी? आणि मले उत्तर द्यावं लागलं असतं. बस, एवढंच.

तिनं बाटली पायरीवर ठेवली आणि गेली. गाडी हलल्यावर मी दार उघडलं. बाटलीले ओला फडका गुंडाळला होता. सारं पाणी पेलो आणि खारून नदीच्या पुलावरून बाटली फडक्यासकट खाली फेकली.

तिसऱ्या दिवशी घरी जेवत होतो. म्हणते, "परवा एका गार्डले पाणी ठेवलं होतं. पेलं असन का हो त्यानं?"

"मले काय माहीत?" म्हणलं आणि दुसरी भाकर मागितली.

तिले कळलं असन असं समजू नका. कळलं असतं तर तिनं तोंडावर म्हणलं असतं, पोटात ठेवणारी नव्हती विमल. दवाखान्यात शेवटल्या आठवड्यातही नर्सले सांगत होती — "ये बिलासपुर साइड में थे ना, हमको दिखते ही नहीं थे." मी खाटेच्या बाजूले उभा होतो. नर्स माझ्याकडं पाहून हसली. मीही हसलो.

आणि ते एकदाच झालं असंही नाही. त्या दिवसापासून घरामागं मालगाडी थांबली की ती पाणी घेऊन जायची, गार्ड कोणीही असो. त्यात दोनदा अजून मीच होतो. एकदा ती हाका मारत होती आणि मी कानावर हात ठेवून बसलो. आणि शेवटल्या खेपेले तर गाडी हळू होताना पाहूनच मी दाराले आतून कडी घातली, आणि पाण्याची वाट पाहत बसलो.