मऊ झालेले बूट

जळगावात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. तरीही आमच्या घरात फिगर स्केटिंगचे बूट आहेत, कारण तोच खेळ चाकांवरही खेळतात. बूट तसेच, घोट्याच्या वरपर्यंत लेस बांधायचे. फक्त खाली पात्याऐवजी चार चाकं. माझी मुलगी मेहरूणच्या बाजूला एका मैदानावर शिकते. गिरकी घेते, उडी मारते आणि एका पायावर उतरते. उतरताना सगळा भार घोट्यावर येतो. त्या घोट्याला धरून ठेवणं हेच त्या बुटाचं खरं काम.

चप्पल-बूट झिजले की नाही, हे आपण उलटे करून बघतो. या बुटांचा तळ जमिनीला लागतच नाही, त्यामुळे तो शेवटपर्यंत कोरा राहतो. मुलीच्या प्रशिक्षकांनी बूट संपले असं सांगितलं तेव्हा मी ते उलटे करून पाहिले आणि मला पटलं नाही. मी हिशेबाच्या नोकरीतला माणूस, मोजल्याशिवाय मानत नाही. मुलीच्या कंपासमधला कोनमापक काढून बुटामागे धरला. उजवा बूट आतल्या बाजूला सात अंश कललेला निघाला, डावा चार. घोट्याजवळ आडवी घडी पडली होती. लेस आवळली की दोन्ही काठ एकमेकांना भिडत, म्हणजे आणखी आवळायला जागाच उरली नव्हती. मग मी नवे घेतले.

बायकोने नव्या बुटांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. कोपऱ्यात जुने दिसत होते. संध्याकाळी धुळ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची मुलगीही यंदा स्केटिंग शिकायला लागली होती आणि माप जमत होतं. आमच्या पिंप्राळ्याच्या घरातून पाळणा, तीनचाकी सायकल, स्वेटर असं सगळं क्रमाने धुळ्याला गेलेलं आहे, तेव्हा तिचं मागणं रीतसर होतं. मी म्हटलं, बाकी काहीही ने, हे बूट नको. ती नुसतं "बरं" म्हणाली.

ते "बरं" शेजारी बसलेल्या बायकोलाही ऐकू गेलं. तिचं बहिणीशी दुपारीच बोलणं झालं होतं; तिने मला सांगितलं की मामा बूट आणणार, हे बहिणीने सासरी आधीच सांगून ठेवलंय. आता मामा आणत नाही म्हटल्यावर तिथे तिचं तोंड किती उतरेल, हे मला कोनमापक न लावताही कळत होतं. म्हणून रविवारी मी बूट घेऊन निघालो, द्यायला नव्हे, समजावून सांगायला. बायको म्हणाली, "दाखवायला बूट नेणारा मामा मी पहिल्यांदाच बघतेय."

बहिणीच्या घरी धुळकट वस्तू न्यायची नाही म्हणून मी त्यांना पॉलिशही केलं. तिथेच चुकलं.

धुळ्याला पोचलो तेव्हा भाची मोजे घालून तयार बसली होती. मी बूट टीपॉयवर ठेवले. ते दुकानातल्यासारखे चमकत होते. बहिणीच्या सासूबाईंना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्यांनी एक बूट उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"बूट त नवाज शेतस, भाऊ," त्या म्हणाल्या. बूट नवेच आहेत, हा त्यांचा निकाल.

मी तळाचं सगळं सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बूट भाचीपुढे सरकवला. मग मी घोट्याजवळची घडी दाबून दाखवली. बघा, म्हटलं, किती मऊ झालंय. बहिणीनेही दाबून पाहिलं.

"मग चांगलंच की. चावणार नाहीत."

जे सिद्ध करायला मी इतक्या लांब आलो होतो, तेच त्या घरात बुटांचा सर्वांत मोठा गुण ठरलं. नवी चप्पल मऊ पडावी म्हणून आपण तिला तेल लावतो, हे मलाही ठाऊक आहे. शेवटी मी कोनमापक काढला.

"भाऊ, बुटाला ताप आलाय का?" बहीण म्हणाली.

मी सात अंश दाखवले. सात अंश म्हणजे किती, तिने विचारलं. घड्याळाचा मोठा काटा एका मिनिटात सरकतो त्याहून थोडे जास्त, असं मी सांगितलं. एका मिनिटाने या घरात कुणाचंही काही अडत नाही, असं ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या मुलीचे माझ्या मुलीला द्यायचे नाहीत, तर सरळ सांग ना."

भाची आपल्या मोज्यांकडे बघायला लागली.

मी म्हटलं, उडी मारून उतरली की हिचा पाय मुरगळेल. बहिणीने बूट ओढून घेतले. तिचा पाय आमच्या घराण्यातला, लहानच. लेस दात-ओठ खाऊन आवळल्या. चाकं सरकू नयेत म्हणून मी खाली दुहेरी गोधडी घातली. ती दोन्ही पायांवर उभी राहिली आणि काही होत नाही म्हणाली. मी म्हटलं, आता फक्त उजव्यावर, गुडघा वाकवून.

बुटाचा आतला काठ घडीपाशी सावकाश खाली बसला. त्याच्यामागून घोटा गेला आणि घोट्यामागून बहीण. हाताला लागला तो अक्कांचा खांदा. दोघी दिवाणावर टेकल्या. कुणाला लागलं नाही, पण भाचीला हसू आवरेना.

बहीण घोटा चोळत बसून राहिली. मग म्हणाली, "हा तर धरतच नाही रे. आत पाय एकटाच असतो."

अक्का पदर सारखा करत म्हणाल्या, "काढ ते. पोरीले नको." आणि चहाला साखर सांगावी इतक्या सहज त्यांनी जोडून दिलं की मग मामा नवे घेतील.

माझी बाजू इतकी पूर्ण सिद्ध झाली होती की दुसरा निष्कर्षच निघत नव्हता. घरून सगळा हिशेब करून निघालो होतो, फक्त ही रक्कम धरली नव्हती. बहीण भिंतीकडे बघत लगेच म्हणाली, काही गरज नाही. पण फोनवरचं "बरं" मी विसरलो नव्हतो. म्हटलं, कागद आण, मापच घेऊन जातो.

ती आत गेली आणि शेजारच्या गॅलरीपर्यंत पोचेल अशा आवाजात तिने विचारलं, "भाऊ, मामाकडच्या नव्या बुटांचं माप घ्यायला कॅलेंडरची मागची बाजू चालेल का?"

भाचीची टाच भिंतीला लावून मी पेन उभं धरून पावलाची रेघ काढली. बहीण वरून बघत होती. म्हणाली, दोन बोटं वाढवून घे, वाढता पाय आहे. अक्का म्हणाल्या, तीन. मी सांगितलं की या बुटात टाच जरासुद्धा हलता कामा नये. मग दोन मोजे घालेल, बहीण म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं, टीपॉयवरचा बूट पुन्हा उचलला आणि या वेळी टाचेपासून समजावायला सुरुवात केली.