तीन ठिपक्यांचं ओगराळं

आमच्या श्रीवर्धनात एक गोष्ट लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. माझी शेजारीण खतिजाआपा हिच्या घरात चाळीस किलो चांदी आहे. तिच्या नवऱ्याने म्हणे ती कुठल्याशा होडीतून उतरवली आणि माजघरात पुरली. बाजारात कुणालाही विचारा, शपथेवर सांगतील.

साफ खोटं. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ही वावडी मीच उठवली होती. त्या वर्षी सुपारीला उठाव नव्हता, दिवसभर बसून माणसाने करायचं तरी काय? आपाचा नवरा बिचारा कुवेतला पंचवीस वर्षं एसी दुरुस्त करत होता. होडीत पाय ठेवला की त्याला ओकारी होते. राहिली चांदी. ती आहे, पण चमचे, काटे, चहादाण्या, पाव उभे करून ठेवायच्या जाळ्या अशा दोनेकशे नगांवर नुसता मुलामा. सगळा खरवडून वितळवला तर एका बारशाचे वाळेही धड व्हायचे नाहीत.

आणि तरीही ती भांडी बघायला लंडनहून फोन येतात. आपा आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे मोबाइल धरून एकेक चमचा उलटासुलटा करून दाखवते आणि पलीकडचा गोरा माणूस शाळकरी पोरासारखा मान हलवतो. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ह्यात माझा मीठमसाला काही नाही.

आपाचे वडील घड्याळजी. ते गेल्यावर दुकान आपाने चालवलं, एकतीस वर्षं. बाई घड्याळ उघडते हे बघायला सुरुवातीला लोक बंद न पडलेली घड्याळंही घेऊन यायचे. आता दुकान बंद आहे, आपा चौसष्टची आहे, पण वडिलांचं ते डोळ्यात बसवायचं काळं भिंग अजून रोज बाहेर निघतं.

ह्या भांड्यांचं मूळ असं. दुसऱ्या महायुद्धात मोठ्या प्रवासी बोटी सैन्य वाहायला घेतल्या, तेव्हा त्यांच्या जेवणघरातला चांदीचा सरंजाम मुंबईला उतरवला गेला. त्या बोटींवर आमच्या किनाऱ्यावरचे पुष्कळ मुसलमान खलाशी होते, भंडारी म्हणजे बोटीवरचे स्वयंपाकी होते, बटलर होते. त्यांच्याबरोबर काही नग इकडे आले. काही विकत घेतलेले, काही बक्षीस मिळालेले, काही आपोआप खिशात शिरलेले. दिवेआगरला एका घरी कप्तानाच्या मोहरीच्या भांड्यात आजीबाईंची मिसरी आहे. दुसरीकडे पावाच्या जाळीत विजेची बिलं. आपा अशा घरी जाते, दोन वेळा चहा पिते, आणि बदल्यात नवं कोरं स्टील देऊन जुना नग घेऊन येते.

पण हे सगळं ती गोळा करत होती एका नगासाठी. तिचे आजोबा दाऊदमियाँ ‘मॅरीडेल’ नावाच्या बोटीवर बटलर होते. बेचाळीस साली ती बोट बुडाली, दाऊदमियाँही गेले. ना मयत, ना कबर. आपाच्या दादीने फातिहा पढायची ती समुद्राकडे बघून. मात्र शेवटच्या रजेवर आले तेव्हा दाऊदमियाँ घरी सांगून गेले होते, की ते ज्याने कप्तानाच्या टेबलावर सूप वाढत ते ओगराळं बाकी सामानाबरोबर मुंबईला उतरलंय. म्हणजे माणूस बुडाला, ओगराळं बुडालं नाही.

ते ओळखायचं कसं? बोटीवर प्रत्येक बटलरच्या ताब्यात त्याची भांडी असत. नग हरवला तर त्याच्या पगारातून कापत. म्हणून जो तो आपल्या नगावर खिळ्याने एक चोरखूण करी, शेजारच्या बटलरलाही न कळेल अशी. दाऊदमियाँची खूण फक्त दादीला ठाऊक होती, आणि दादीनंतर आपाला.

आणि चार वर्षांपूर्वीपासून मला. गडग्याशी उभं राहून, इकडेतिकडे बघून आपा म्हणाली होती, “दांडीच्या पाठीमागं तीन ठिपके हायत, चुलीच्या तीन दगडांसारखे. कुणाला बोलू नको जीवन, तुला अल्लाची कसम.” मी कुणालाही बोललो नाही. बाळाजी न्हाव्याला फक्त सांगितलं, तेही गळ्यावर वस्तरा होता म्हणून. आणि एकदा एसटीत एका सद्गृहस्थांना, पण ते रोह्याला उतरून गेले.

गेल्या माघात अलिबागहून प्रज्योत आला. मुंबईवाल्यांच्या बंगल्यांत जुन्या वस्तू मांडून द्यायचा ह्याचा धंदा. पेटीत चोवीस जणांचा सूप वाढायचा सेट, वर वेगळ्या मखमलीत गुंडाळलेलं ओगराळं. माझ्या नाकाला वास आला आणि मी गडगा ओलांडून हजर.

“आपा, हा सेट ‘मॅरीडेल’च्या कॅप्टनच्या टेबलवरचा आहे,” प्रज्योत म्हणाला. “पार्टी तयार आहे, पण तिला तुमच्या सहीचं पत्र हवंय. तुमच्या शब्दावर परदेशातले लोक डोळे मिटून माल विकत घेतात. एवढं लिहून द्या, ओगराळं तुम्हाला माझ्याकडून भेट. त्याच्या मागे बघा तरी.”

आपाने ओगराळं उलटं केलं. तीन ठिपके. चुलीच्या दगडांसारखे.

मी ओरडलोच, “आपा! मिळालं! अगो, मिळालं!”

आपाने माझ्याकडे असं काही बघितलं की मी पडवीच्या कडेला टेकलो. मग तिने पदराने हात कोरडे केले आणि भिंग डोळ्यात बसवलं. पुढचा तासभर ती ते ओगराळं न्याहाळत होती. तिने दांडीवर तोंडाने हा करून वाफ सोडली. वाफेत वर्तुळातला बगळा उमटला, बोटींच्या कंपनीची खूण, जी नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हती, इतकी झिजलेली. वाफ उडाली, बगळा उडाला. ती परत वाफ सोडी, दुसरीकडे. करंगळीच्या नखाने कड चाचपी. माझा चहा साय धरून गार झाला आणि मला शेजाऱ्यांच्या चहाची आठवणही झाली नाही, यावरून काय ते समजा.

शेवटी ती म्हणाली, “कंपनी खरी. लढाईआधीचंच हाय, मुलामा पुसून पुसून पातळ. ठिपके खोटे.”

“असं कसं आपा?” प्रज्योत हसला. “नीट बघा ना.”

“तूच बघ. जीवन, तू पण ये.”

मी आयुष्यात पहिल्यांदा ते भिंग डोळ्यात घातलं. देवाशपथ, ती दांडी नव्हती, ती आमच्या श्रीवर्धनची पुळण होती. ऐंशी वर्षं कापडाने पुसून पुसून हजारो बारीक रेघा, एकावर एक, भरती उतरल्यावर वाळूवर राहतात तशा. मध्येच तीन खड्डे.

“पुळणीवर सकाळी जातोस ना?” आपा कानाशी म्हणाली. “आधी कुर्लीनं बीळ केलं का आधी पाणी येऊन गेलं, कसं कळतं?”

“बीळ आधीचं असलं तर पाण्याने कडा मोडतात, वरून रेघा जातात,” मी म्हणालो.

“आणि ह्या बिळांच्या कडा?”

कडा ताठ होत्या. धारदार. सगळ्या रेघा खड्ड्यापाशी येऊन तुटत होत्या. वरून एकही गेलेली नव्हती. इतकी वर्षं मी ह्या बाईला गडग्यावरून चिडवत होतो, आणि तिला हे सगळं रोज दिसत होतं! 

प्रज्योतने पेटी पुढे सरकवली. “आपा, ठिपके सोडा. बोटीचं नाव तेवढं लिहा. ओगराळं तुमचंच. कुणाला कळणार आहे?”

“ह्या कंपनीच्या बोटी सतरा. ही कुठची, हे हा नग सांगत न्हाय. मी कशी सांगू? कंपनी खरी, काळ खरा, ठिपके आताचे, असं लिहून देते. घेतोस?”

त्याला तसलं पत्र नको होतं. तो पेटी बांधायला लागला.

ओगराळं अजून आपाच्या हातात होतं. तिने ते एकदा नीट धरलं, मनगट वळवलं, आणि हवेतून काहीतरी उचलून माझ्या रिकाम्या बशीत वाढलं. अगदी सावकाश, थेंब सांडू नये असं. मग मखमलीत गुंडाळून प्रज्योतला परत दिलं. तीस वर्षं शोधणाऱ्या बाईने! गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती पडवीतच उभी होती.

मला राहवेना. “आपा, घोर अपराध झाला. ती तीन ठिपक्यांची गोष्ट माझ्याच तोंडून…”

“ठाऊक हाय. म्हसळ्याच्या सोनाराला मी चांद सांगितलेला, दुबईच्या भाच्याला फुली. ठिपके फक्त तुला.”

“म्हणजे ती खूण…”

“खोटी. खोटा नग आला तर गोष्ट कुणाच्या तोंडातनं फुटली ते समजायला नको?”

“मग ठिपके दिसल्या दिसल्या कळलं होतं तुला! तासभर काय बघत होतीस?”

आपा भिंग पुसत राहिली. “खरी खूण शोधत होते,” ती म्हणाली. “वाटलं, असली तर!”

  मी जवळ सरकून, आवाज खाली करून विचारलं, “आपा, आता तरी सांग. खरी खूण कोणती?”

“सांगीन की,” खतिजाआपा म्हणाली. “तू मेलास ना जीवन, की तुझ्या कानात सांगीन.”