पत्र्यावरचं पाणी

आईचं घर नको तितकं थंड लागलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

एप्रिल संपत आला होता. बोईसरहून नवापूरला पोचेपर्यंत रिक्षातच माझी ओढणी भिजून गळ्याला चिकटली होती. आमच्याकडचा उन्हाळा असा, की घाम येतो आणि वाळत मात्र नाही. अशा दिवसांत सिमेंटच्या पत्र्याखालच्या दोन खोल्यांत, जिथे वर माळा नाही की काही नाही, तिथे सकाळी अकराला पाऊल टाकलं तर लादी गार! आई दारातच उभी होती.

"बघ कसं थंड हाय," ती म्हणाली. "तुज्या एसीवाचून कुनाचं अडलंय?"

मी अजून काही विचारलंही नव्हतं. न विचारता मिळालेल्या उत्तरावर माझा लहानपणापासून विश्वास नाही.

मी संशयी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायची ती चुकून पालघरच्या ऑफिसात आलीस. आमच्या एसीचा मेकॅनिक दर मार्चमध्ये येतो, मशीनला कान लावतो आणि म्हणतो, "मॅडम, गॅस निकल गया." दरवर्षी निघून जाणारा हा गॅस जातो कुठे, हे मी त्याला विचारते. तो छताकडे बघतो. पडद्यांच्या दुकानदाराने 'ऊन अडवणारा' म्हणून विकलेला पडदा मी बॅटरी लावून तपासला होता, आणि त्यातून उजेड आरपार आला होता. तेव्हा माझ्या संशयाला अगदीच आधार नसतो असं नाही.

या वेळी मात्र प्रकरण पडद्याचं नव्हतं. होळीनंतर बोईसरच्या बाजारात आमच्या गावची एक मासळीवाली भेटली आणि कोळंबी तोलता तोलता म्हणाली, "आई बरी हाय ना आता? चक्कर येऊन पडलीवती ती." मला पत्ताच नव्हता. तिथूनच फोन लावला. आई म्हणाली, बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटताना जरा डोळ्यांपुढे अंधारी आली, बस्स, एवढंच. सत्तरी उलटलेली बाई, रक्तदाबाची गोळी चालू, वडील गेल्यापासून घरात एकटी. आणि मी तिची एकुलती एक. कोळंबी तिथेच टाकून मी नवापूर गाठलं आणि तिला बजावलं, उन्हाळाभर माझ्याकडे बोईसरला चल.

ती तयार होणार नाही हे मला माहीत होतं. आदल्या वर्षी आठवडाभर आली होती. आमचा फ्लॅट कारखान्यांच्या बाजूला तोंड करून आहे. संध्याकाळी त्या बाजूने कसलातरी उग्र वास येतो, म्हणून खिडक्या कायम बंद. आत एसी, बाहेर काय चाललंय ते कळत नाही. आई पहिल्या दिवशी शाल घेऊन बसली, दुसऱ्या दिवशी बाथरूमची झडप उघडून तिच्याखाली स्टूल टाकून बसली. "वारा कुठनं येतो ते तरी कळू दे," म्हणाली. शिवाय जावयाच्या घरात पाय पसरून झोपायला तिला अवघड वाटायचं. जावई बिचारा तिच्यासाठी सोफा सोडून बेडरूममध्ये कोंडून घ्यायचा, तर तिला वाटे, हा आपल्यावर रागावलाय.

म्हणून मी अट घातली. एप्रिलअखेरपासून दर रविवारी येऊन बघणार. घर तापलेलं दिसलं तर त्याच दिवशी पिशवी भरायची आणि निघायचं. थंड असेल तर राहा. आईने मान डोलावली. इतक्या पटकन तिने आयुष्यात माझं काही मान्य केलेलं नव्हतं.

आणि मग पहिल्याच रविवारी ते गार घर.

मी आत-बाहेर फिरले. पंखा तोच जुना, खरखर आवाज करणारा. पूर्वी आमच्या घराला कौलं होती. वादळात ती उडाली आणि वडिलांनी पत्रे घातले, तेव्हापासून दुपारी आत बसवत नसे. मग आताच असं काय झालं? मागच्या दाराने बाहेर आले तर पत्र्याच्या कडेखाली वाळूत बारीक बारीक खळगे पडलेले, पावसाच्या पागोळ्यांनी पडतात तसे. मे महिना तोंडावर, आभाळात ढगाचा तुकडा नाही.

"आई, इथे पाणी कसलं?"

"दव पडतोय हल्ली रात्रीचा."

"अकरा वाजता?"

"मग? उशिरा पडलाय," असं म्हणून ती भाकरी थापायला बसली.

जेवताना लक्षात आलं, मिठाची बरणी ओली, पापड लवकर मऊ पडलेले, आणि घरात गोणपाटाचा कुबट वास. गारवा होता खरा, पण अंगावर बसणारा, चिकट गारवा. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला पक्कं वाटलं.

माझा पहिला संशय गेला शेजारच्या काकीवर. ही आईच्याच वयाची, तिच्या बरोबरीने मासळी विकलेली बाई. तिच्या मुलाने आमच्या भिंतीला लागून दुमजली बांधकाम काढलंय. मी रिक्षातून उतरले की ही ओट्यावर बसलेली असायचीच, आणि मला बघताच आमच्या घराच्या दिशेने ओरडायची, "आली गो तुजी पोरगी!" एवढ्या मोठ्यांदा कशाला? आईला मी येणार हे माहीत असतंच की. नवऱ्याला मी सांगून टाकलं, हिला आमची जागा हवीय. आई इथे उन्हात पडावी, दवाखान्यात जावी, आणि घर रिकामं व्हावं, असा हिचा डाव असणार. तो म्हणाला, "मग ती घर थंड कशाला होऊ देईल?" मी त्याच्यावरच चिडले.

पुढच्या रविवारीही घर तसंच गार. दारावर जुनं जाळं टांगलेलं, ओलं. मी जाळ्याला हात लावला तर आई म्हणाली, धुतलंय. वडील गेले, होडी विकली, जाळं वापरायला घरात कोणी नाही, आणि ही ते धुतेय! शिवाय आमच्यात ओलं जाळं कोणी दारात टांगत नाही. ते वाळत घालायची जागा ठरलेली असते, किनाऱ्यावर. आईच्या तळहातांवर ओरखडे होते. विचारलं तर "बोंबलाचे काटे." बोंबलाला कुठे एवढे काटे असतात? डोळ्यांखाली काळं दिसत होतं. थंड घरात राहणाऱ्या बाईचा चेहरा असा करपलेला का, हे मला कळेना. त्या दिवशी मी परत निघाले ती सरळ धास्ती घेऊनच. ही माझ्यापासून काहीतरी लपवतेय, आणि जे लपवतेय ते तिला मारतंय, एवढंच डोक्यात.

त्यापुढच्या रविवारी मी लबाडी केली. जेवायच्या वेळेला येते असं फोनवर सांगितलं आणि उजाडताच निघाले. रिक्षा देवळापाशीच सोडली. काकीचा ओटा रिकामा होता. म्हटलं, आज सापडणार.

मागच्या अंगणात काकी भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती. शिडीच्या टोकावर आई. कासोटा खोचलेला, एका हातात कळशी, दुसऱ्या हाताने पत्र्याची कड धरलेली. पत्र्यावर गोणपाटं अंथरलेली होती आणि ती त्यांच्यावर पाणी ओतत होती. खाली भरलेले हंडे ओळीने ठेवलेले. आमच्याकडे बोअरचं पाणी खारट, नळ एक दिवस आड. ते हंडे तिने गावविहिरीवरून शेंदून आणले होते आणि तळहातांवरचे ओरखडे दोराचे होते, हे बघताक्षणी कळलं.

"आई!"

ओरडायला नको होतं. ती दचकली, कळशी सुटली, घरंगळत माझ्या पायाशी आली. आईचा पाय पायरीवरून सटकला. काकीने शिडी सोडली नाही. मी धावत जाऊन आईचे दोन्ही पाय धरले आणि एकेक पायरी करत तिला खाली घेतलं. ती डोळे मिटून वाळूतच बसली. तिच्या ओठांना रंग नव्हता. काकीने तिच्या तोंडावर पाणी मारलं, पदराने वारा घातला, आणि मग माझ्यावर उसळली.

"दर ऐतवारी हा तमाशा! मी सांगून थकली. आमी दोगी म्हाताऱ्या, ही वर, मी खाली. हिचा पाय घसरला तर काय धरनार मी? म्हनून तर तू दिसलीस का बोंबलते मी, हिनं वर असंल तर खाली यावं."

"आणि होळीनंतर पडली ती?"

"तवा पन पानीच वाहत व्हती. तू फोन केलावतास ना, येते म्हनून. आन मग आलीच नाय तू."

मी आईकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत होती. म्हणजे मी अट घालायच्या आधीपासून हे चाललं होतं. मी येणार कळलं की पत्रे भिजवायचे, दारात ओलं जाळं टांगायचं, घर गार करायचं. बोंबलांचा काही संबंध नव्हता. माझ्यासाठी चढली होती ती, त्या उन्हात.

मला रडू फुटलं. काकी हंडे उचलून आत ठेवू लागली. बाहेर ओतायचं राहिलेलं ते पाणी आईला आठवडाभर पुरलं असतं.

"आता नेशील मला," आई म्हणाली. तिचा आवाज भांडणाचा नव्हता. तिने सगळं सोडून दिलं होतं, आणि ते मला शिडीवरच्या दृश्यापेक्षा जास्त झोंबलं.

"नाही नेत. पण आज पत्र्यावर पाणी नाही. घर जसं आहे तसं मला बघू दे."

तिने माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. हा संशय मी कुठून घेतला, हे तेव्हा मला कळलं.

आम्ही दोघी आत बसलो. अंथरलेली गोणपाटं बाराच्या आत वाळून गेली आणि पत्रे तडतडायला लागले. पंखा वरची गरम हवा खाली ढकलत होता. एकच्या सुमाराला भिंतीला टेकवेना. मी पुढचं आणि मागचं दार सताड उघडलं. समुद्राचा वारा थोडा आत आला, पण तोही घामट. हे सगळं मी डोक्यात टिपत होते. पत्र्याच्या वर बांबूचा मांडव घालून झावळ्या पसरायच्या, पाणी नकोच, सावली हवी. माणसं लावून करून घ्यायचं. पाऊस पडेपर्यंत मी इथूनच पालघरला जाईन. नवऱ्याला त्याचा एसी लखलाभ. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पहाऱ्याला राहतेस म्हन की."

"हो. पहाऱ्याला."

तिने पदराने कपाळ पुसलं, माझ्याकडे बघून पदर घाईने खाली घेतला. "एवढं काय नाय," ती म्हणाली, "आता वारा सुटंल. मला सवय हाय."

"आई, मी काही तपासायला आले नाहीये. गरम होतंय का तुला?"

ती बाहेर बघत राहिली. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून मी थंडी, ऊन, दुखणं, भूक, यातलं काहीच कधी ऐकलेलं नव्हतं. मी फोनवर विचारायची आणि ती सांगायची, सगळं बरं हाय.

"जाम उकडतं गो बाय," ती अगदी हळू म्हणाली. "दुपारचा जीव नको होतो."

सवयीने क्षणभर मला हेही खरं वाटेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोलकं घामाने पार भिजलेलं होतं, आणि आई माझ्या हाताला टेकून बसली.