हेर नव्हे, वेल्डर

सरलाबाई वीस वर्षं बमरोलीत साड्यांच्या घड्या घालतात. आवाज चढवणारी बाई नव्हे.

त्यांचा मुलगा भूपेंद्र इच्छापोरला वेल्डर होता. एका एजंटाने त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, बंदरातल्या गोदामाच्या कामाला पाठवलं. शेजारी चीनच्या नौदलाचा तळ आहे, हे मात्र सांगितलं नाही. "कुठं काम करतोस, दाखव तरी," असं आईच एकदा फोनवर म्हणाली. पोराने धक्क्यावर उभं राहून फोटो काढून पाठवला. त्यात मागे करडी लढाऊ बोट आली. संध्याकाळपर्यंत तिथल्या पोलिसांनी त्याला उचललं. भारतातला माणूस आणि हातात फोन, म्हणजे हेरच! फोटो कुणासाठी काढलास, हा एकच प्रश्न सतरा दिवस. तो सांगत राहिला, आईसाठी.

सरलाबाईंनी एजंटाला गाठलं. तो म्हणाला, "मासी, ये दो देशों का मामला है."

"पोराला नेताना तर तू एकटाच आला होतास. तेव्हा कुठं होते तुझे दोन देश?"

अठराव्या दिवशी भूपेंद्रला सोडलं. घरी आला तेव्हा त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. दोन दिवसांनी वॉर्डातला एक पुढारी शाल आणि कॅमेरावाला घेऊन आला. म्हणाला, "बोल, चीनचा तळ मुद्दाम टिपला. देशाचा वाघ म्हणून मिरवू तुला."

भूपेंद्रने मान खाली घातली. सरलाबाईंनी शाल परत पुढाऱ्याच्या हातात कोंबली.

"मन्हा पोऱ्या वेल्डर शे, हेर नही शे! तिकडं त्यांनी मारून हेर ठरवला, इकडं तुम्ही शाल घालून ठरवता? याच्याबरोबरचे लोटू अन् मगन अजून तिथंच आहेत. हा व्हिडिओ तिकडं पोचला तर त्यांचं काय होईल?"

"बाई, देशासाठी एवढं..."

"मग तुमचा पोरगा पाठवा वेल्डिंगला!"

सारी गल्ली दारात आली होती. पुढारी निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून सरलाबाई लोटूच्या आणि मगनच्या आयांना घेऊन एजंटाच्या दारात बसल्या. चौथ्या दिवशी त्याने गोदामाच्या कंपनीला फोन लावला. कंपनीने अडकवून ठेवलेले लोटू-मगनचे पासपोर्ट सुटले, महिन्याभरात दोघं घरी आले. भूपेंद्रचा कान मात्र गेला तो गेलाच, आणि त्याची दखल ना या देशाने घेतली ना त्या.

एजंटाला कुणी हात लावला नाही. परवा त्याने पुन्हा भरती काढली. सरलाबाई काम टाकून गेल्या आणि रांगेतल्या एकेकाला विचारू लागल्या, "शेजारी कुणाची फौज आहे, विचारलंस का?" सहा जण रांगेतून निघाले. बाकीचे उभेच राहिले.