आईचा पेपर मी लिहिला

मी प्राथमिक शिक्षक आहे. आधीच सांगतो, म्हणजे पुढचं दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही.

प्रौढ साक्षरतेची यादी शाळेत आली, तेव्हा माझ्या वाट्याची नावं भरेनात. मी आईचं नाव घातलं. तिला शिकवावं असं काही मनात नव्हतं. यादी पुरी व्हावी, एवढंच. आई सत्तरीला टेकलेली. आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या घड्या घालण्यात गेलेलं. वडील गेल्यापासून ती भिंतीकडं तोंड करून पडून असायची. जेव म्हटलं तर जेवायची.

पुस्तिका आणून उशाशी टाकली. आठवडाभरात ती उठून बसली, गिरवलेली वही घेऊन माझ्यामागं लागली.

"आई, नंतर बघू. वह्या तपासायच्यात."

"लोकांच्या पोरांच्या बगतोस की. आईची बगाया काय धाड भरली?"

दवाखान्यात नेताना गाडीवर मागं बसून पाट्या वाचायची. "थांब की! टा... य... टायर!" पाठीत एक धपका. "लई पळवतोस बाबा. म्होरच्या सिग्नलला तरी लाल दिवा लागू दे." मी वेग कमी केला नाही. पण ती आपणहून भाकरी मागून घ्यायला लागली होती, हे मला दिसत होतं.

परीक्षा रविवारी, आमच्याच शाळेत. बाकीची म्हातारी माणसं आली, चहा घेऊन गेली. त्यांचे पेपर आम्ही शिक्षकांनीच भरले. आई तेवढी उठेना. घरातल्या माणसांची नावं लिहा, असा प्रश्न होता. वडिलांचं नाव लिहून झालं होतं आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर.

मुख्याध्यापक दारातून म्हणाले, "सर, आटपा. गठ्ठा पोचवायचाय."

वेळ संपायला तासभर होता. तरी मी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. पुढचं सगळं मीच लिहिलं. अक्षर तिचं वाटावं म्हणून मुद्दाम वेडंवाकडं काढलं. ती शेजारी बसून बघत होती.

"माजं असलं दिसतंय व्हय?" एवढंच म्हणाली.

आई पास झाली. प्रमाणपत्र दिलं, तर तिनं ते बघितलं नाही. पुस्तिका पुन्हा उघडली नाही. गाडीवर गप्प बसायची. महिनाभरात परत भिंतीकडं तोंड.

पुढच्या वर्षी तिचं नाव पुन्हा घालायला गेलो. साक्षर झालेल्यांना घेता येत नाही, मुख्याध्यापक म्हणाले. मग घरीच पाटी घेऊन तिच्याजवळ बसलो. तिनं डोळे मिटून घेतले. बायकोनं विचारलं, आईंना झालंय तरी काय? वयामुळं असेल, असं मी सांगितलं. आजवर तेच सांगत आलो.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात नेलं. संमतीच्या कागदावर सही हवी होती. मी पेन पुढं केलं. तिनं अंगठा पुढं केला.

"आई, येते की तुला सही."

"मला कुटं येतंय? पेपर तूच लिवलास की."

नर्स माझ्याकडं बघायला लागली. तिच्या टेबलावरचं शाईचं पॅड मी उचललं आणि आईच्या अंगठ्याखाली धरलं.