सुनेच्या हाती वस्तरा

सासऱ्याचं नाक कसं धरायचं, हे मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं. स्वयंपाक शिकवला, डोक्यावरचा पदर सांभाळायला शिकवलं, मोठ्या माणसांसमोर पाय पसरून बसायचं नाही हे तर इतकं बजावलं होतं की लग्नानंतर मी घरात एकटी असले तरी पाय आखडूनच बसायचे. पण वरच्या ओठावर वस्तरा चालवायचा तर नाकाचा शेंडा धरून वर उचलावा लागतो. ते नाक मामंजींचं असेल तर सुनेनं काय करावं, याचा विचार आमच्या कऱ्हाडकडच्या एकाही बाईनं केलेला नव्हता. तो मला करावा लागला.

नव्वदनंतरची वर्षं. कळंबोलीच्या बैठ्या घरांच्या वसाहतीत आमची एक खोली, मागं मोरी आणि पुढं ओटा. मामंजी लोखंड बाजारात हमाली करायचे. त्या उन्हाळ्यात ट्रकमधून सळयांचा भारा घसरला आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. म्हातारीला कळवायचं नाही, असं त्यांनी दवाखान्यातच सगळ्यांना बजावलं. म्हातारी म्हणजे त्यांची आई, माझी आजेसासू. गावी होती, चांगली ठणठणीत होती, आणि सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या मुलाला अजून धाकात ठेवून होती.

मोडलेल्या हाताचं दुःख मामंजींनी गिळलं. पण दाढीचं काय? जन्मभर त्यांनी स्वतःच्या वस्तऱ्यानं स्वतःची दाढी केली होती. खिडकीच्या गजाला जुना कातडी पट्टा अडकवायचा, त्यावर वस्तरा खालीवर फिरवायचा, अंगठ्याच्या नखावर धार बघायची आणि मग हातातल्या एवढ्याशा आरशात बघत गाल साफ करायचे. माझा नवरा दाढीचं मशीन वापरायचा, त्याला ते ‘खेळणं’ म्हणायचे. प्लास्टर घातल्यावर ते स्वतःचा वस्तरा खिशात घालून कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. सलूनवाला म्हणाला, “बाबा, बाहेरचा वस्तरा नाय चालत. आजकाल रोग किती पसरलेत! मी नवीन ब्लेड टाकतो ना, टेन्शन नाय.” मामंजींनी याचा अर्थ एवढाच घेतला की आपल्याला रोगी म्हटलं. उठून घरी आले आणि पुन्हा त्या बाजूनं चहालासुद्धा गेले नाहीत.

दाढी वाढत गेली. आता शहरातल्या माणसाची दाढी वाढली तर लोक म्हणतील आळशी आहे, नाहीतर कविता करतो. आमच्याकडच्या माणसाची वाढली तर एकच अर्थ, घरात सुतक आहे. एका सकाळी मागच्या ओळीतली आमच्याच भागातली एक बाई टोपलीत पिठलं-भाकरी झाकून घेऊन आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारीपाजारी जेवण आणून देतात, ही आमची रीत. बाई उंबऱ्यात बसून आधी मनसोक्त रडली आणि मग डोळे पुसून विचारलं, “कोन गेलं वो?”

“कुनी न्हाई गेलं बाय,” आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. “ह्यांचा हात मोडलाय.”

बाईचा चेहरा पडला. इतकं रडून फुकट गेलं असं तिला वाटलं असावं. पिठलं मात्र झणझणीत होतं, आम्ही दोघींनी ओरपून खाल्लं. मामंजींनी त्याला हात लावला नाही.

त्याच संध्याकाळी ते आत्याबाईंना म्हणाले, “तिला इचार, वस्तरा धरशील का.”

मी तिथंच दोन हातांवर भाकरी थापत होते. पण सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची पद्धत नव्हती, त्यामुळे सगळं आत्याबाईंच्या मार्फत चालायचं.

“वस्तरा धरशील का म्हणतायत,” आत्याबाईंनी मला कळवलं.

माझ्या हातातली भाकरी परातीत पडली. “त्यांना म्हणावं, तुमचा मुलगा आहे की.”

मुलाचा प्रयोग आदल्या दिवशीच होऊन गेला होता. त्यानं गालावर वस्तऱ्याचा एक हात फिरवला, रक्ताचा ठिपका दिसला आणि वडिलांच्या आधी तोच घेरी येऊन खाली बसला. आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना भांड्यातली साय दिसत नव्हती तर दाढी कुठली दिसणार! उरले मी. शिवाय मामंजींनी पारख केली होती. “लोनच्याच्या टायमाला बगितलंय म्या. कैरीचं साल अक्खं उतरवती. गर जात न्हाई,” असं ते भिंतीकडं बघून म्हणाले. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, त्यात माझं केलेलं हे पहिलं कौतुक, तेही कैरीच्या वाटेनं आलेलं. मी भाळले. नाही म्हणायची अक्कल तेव्हा नव्हती.

शिकवणी दुधी भोपळ्यावर सुरू झाली. कोवळ्या दुधीवर बारीक पांढरी लव असते. मामंजींच्या मते गाल आणि दुधी यांत फरक एवढाच की दुधी ओरडत नाही. ब्रशनं त्याला साबणाचा फेस लावायचा, डाव्या हातानं ताण द्यायचा आणि वस्तरा जवळजवळ आडवा ठेवून लव उतरवायची. साल खरवडलं तर नापास. पहिल्या दिवशी मी दुधीची अशी दशा केली की त्याची सरळ भाजीच करावी लागली. तो आठवडाभर आमच्याकडं दुधीची भाजी, दुधीचं थालीपीठ, दुधीचं भरीत. भाजी तोंडात घातली की साबणाचा वास आल्याचा भास व्हायचा. नवरा पहिल्या पाळीला कंपनीत जायचा, तो डबा उघडून सुस्कारा टाकतो असं त्याच्या मित्रानंच मला सांगितलं. मला राग आला. मी इथं याच्या बापाचा गळा वाचवायला धडपडतेय आणि याला भाजी खुपते!

शेवटी एक दुधी मी ओरखडा न काढता गुळगुळीत केला. मामंजींनी त्यावरून तळवा फिरवला आणि ओट्यावर पाट मांडून बसले.

पहिल्या दाढीला निम्मी वसाहत हजर होती. सुनेनं सासऱ्याच्या गळ्याला पातं लावलंय, हे बघायला कोण येणार नाही? मी डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. त्यामुळं मला बोलता येत नव्हतं, आणि फेसामुळं मामंजींना बोलता येत नव्हतं. ते ओठांच्या कोपऱ्यातून पुटपुटायचे, “तिला म्हनावं, आडवा धर.” डोळ्यांनी अधू असलेल्या आत्याबाई मोठ्यानं ओरडायच्या, “आडवा धर म्हणतायत!” तेवढ्यात वस्तरा पुढं गेलेला असायचा. मधेच रस्त्यावरून ट्रकवाल्यानं असा हॉर्न मारला की बघणाऱ्या बायका किंचाळल्या. माझा हात हलला नाही. खरं तर भीतीनं तो कडक झाला होता, पण लोकांना वाटलं की बाई भलतीच खंबीर आहे. गाल झाले, हनुवटी झाली, गळा झाला. तुरटी फिरवली. तीन ठिकाणी टोचलं होतं, तिथं मामंजींनी डाव्या हातानं स्वतःच पुन्हा तुरटी दाबली.

मग दर दोन दिवसांनी मी दाढी करू लागले. फक्त वरच्या ओठाला हात लावत नव्हते. कारण नाक. दुसरं कारण मिशी.

मिशीचं सांगायला हवं. आमच्याकडं पुरुषाची मिशी उतरते ती आई किंवा बाप गेल्यावरच. मामंजींचे वडील ते पोर असतानाच गेले, तेव्हा उतरवायला मिशीच नव्हती. त्यामुळं त्यांची मिशी फुटल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. कोपऱ्यांना वळलेली, करडी, भरघोस मिशी होती. ती कुणासाठी राखून ठेवलीय, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

अशात नाक्यावरच्या पीसीओवाल्यानं निरोप आणला. पिठलंवाल्या बाईचं बोलणं फिरत फिरत गावी पोचलं होतं. म्हातारीला कळलं की मुलानं दाढी वाढवलीय, म्हणजे घरात कुणीतरी गेलंय आणि आपल्यापासून लपवलंय. आमच्या भावकीतला एकजण सळया भरायला ट्रक घेऊन कळंबोलीला यायचा. त्याच्या केबिनमध्ये बसून म्हातारी निघालीसुद्धा होती. दुपारपर्यंत पोचणार.

घरात धावपळ उडाली. मी सकाळपासून कांदा-लसूण मसाल्याच्या मिरच्या भाजून कुटत होते. तशीच उठले. मामंजी पाटावर बसले. “तिला म्हनावं, आज वरचा ओठबी कर. आयला वाटलं पायजे, सगळं जिथल्या तिथं हाय.” मिशीच्या वर नाकापर्यंत खुंट वाढले होते, ते काढायचे होते. म्हणजे नाक धरणं आलं.

मी बराच वेळ त्या नाकाकडं बघत उभी राहिले. उघड्या बोटांनी सासऱ्याचं नाक धरायचं? माझ्यानं होईना. मग मी एक मर्यादशील तोड काढली. बोटांवर पदराचं टोक घेतलं आणि पदराआडून नाक धरलं. त्या पदरानं मी सकाळभर मिरचीचे हात पुसले होते, हे माझ्या लक्षात यायला आणि मामंजींना शिंक यायला एकच गाठ पडली.

शिंक ओटा हादरवणारी होती. मी वस्तरा मागं घेतला, पण तो रिकामा आला नाही. डावीकडची अर्धी मिशी पात्यावर फेसात बसली होती.

ओठाला ओरखडाही नव्हता. वाईट वाटलं ते त्याचंच, थोडं रक्त आलं असतं तर निदान दया तरी आली असती. आत्याबाई विचारत होत्या, “झाली का गं?” मी म्हणाले, “अर्धी झाली.” मला रडू फुटलं. आत्याबाईंनी चाचपून पाहिलं आणि त्याही रडायला लागल्या. मग त्यांनीच काजळाची डबी आणली. मी काजळानं अर्धी मिशी काढली. उन्हाळा कळंबोलीचा, मिशी हनुवटीपर्यंत ओघळली.

मामंजींनी आरसा हातात घेतला. खूप वेळ बघितलं. मग आरसा पालथा ठेवला, आणि आत्याबाईंकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाले, “पोरी, काड समदी.”

माझ्याशी ते पहिल्यांदाच थेट बोलले. मी डोळे पुसले आणि उरलेली काढली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आईच्या जिवंतपणी आईची मिशी उतरत होती, आणि ती आई पनवेलच्या अलीकडं कुठंतरी ट्रकमध्ये बसलेली होती.

म्हातारी आली तेव्हा मामंजी तोंडाला पंचा गुंडाळून कोपऱ्यात बसले होते. “दाढ दुखतीया,” ते पंच्यातून म्हणाले.

“दाढ दुखतीया तर प्लाश्टर हाताला कशापायी?” म्हातारीनं आधी आम्हा सगळ्यांची डोकी मोजली, सगळे जिवंत आहेत याची खात्री केली, मग पुढं होऊन पंचा ओढून काढला.

म्हातारीनं बघितलं. “आरं,” ती म्हणाली, “म्हंजे मीच गेले व्हय?”

मामंजींची मान खाली गेली. मी पुढं झाले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून मिरची, शिंक, पदर सगळं सांगून टाकलं. म्हातारी माझ्याकडं बघतच नव्हती. ती लेकासमोर टेकली, त्याची हनुवटी वर केली आणि अंगठा त्याच्या उघड्या ओठावरून हळूहळू फिरवला.

“ह्यो असाच गेला व्हता ममईला,” ती म्हणाली. “मिशी फुटली नव्हती. परत आला तवा मिशी घिऊनच आला. ह्ये त्वांड मला परत दिसलंच न्हाई.” मग थांबून म्हणाली, “माज्यामागं उतरवली असती, तर मी कुटनं बगनार व्हते? बरं केलंस पोरी.”

मामंजी रडले. आम्ही त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

म्हातारी प्लास्टर निघेपर्यंत राहिली आणि जाईपर्यंत तिनं मिशी वाढू दिली नाही. रोज सकाळी मला म्हणायची, “कर गं गुळगुळीत,” आणि समोर चहा घेऊन बघत बसायची. येणारेजाणारे ओठ बघून हळहळत विचारायचे की आई गेली का. ती कप खाली ठेवून सांगायची, “व्हय, मीच ती.” एकजण चहा न घेताच पळाला.

त्यानंतर काही वर्षांनी ती खरोखर गेली. दहाव्याला नदीवर न्हावी बसला होता. मामंजींनी डोक्यावरचे केस उतरवून घेतले. मिशी पुन्हा पूर्वीसारखी भरली होती. न्हावी तिकडं वळला तसा त्यांनी त्याचा हात धरला. भावकीतले लोक कुजबुजायला लागले, एका वडीलधाऱ्यानं तर चढ्या आवाजात विचारलं, ही कुठली नवी रीत?

“तिची उतरवून झालीया,” मामंजी म्हणाले. “आयनं सोता बगितलीया.”