पुलाखाली निघालेला फोटो

सापगावच्या पुलाखाली निघालेला एक फोटो आठवला की आजही अंगावर काटा येतो. तेव्हा माझी नेमणूक शहापूर पोलीस ठाण्यात होती.

जवळच्याच गावात मुलीच्या लग्नानंतर एकटी राहणारी एक म्हातारी विधवा भरदुपारी घरात मृतावस्थेत सापडली. गळा आवळलेला, दागिने गायब. फिर्याद तिच्या पुतण्यानं दिली. त्याचे आईबाप लवकर गेले, काकीनंच त्याला वाढवलं. पंचनामा चालू असताना तो भिंतीवर डोकं आपटत होता. आमच्या हवालदारानं त्याला बाहेर बसवून पाणी पाजलं.

नाक्यावरच्या हार्डवेअर दुकानाच्या सीसीटीव्हीत खुनाच्या सुमारास मोटारसायकलवरून जाणारा एक माणूस दिसला. चौकड्यांचा शर्ट, चेहऱ्याच्या जागी नुसते ठिपके. कॅमेरा भारी मेगापिक्सलचा असल्याचं दुकानदार सांगत होता. पण काचेवर धूळ होती आणि जागा वाचावी म्हणून चित्रण हलक्या दर्जाचं ठेवलेलं.

पुतण्या पडद्याजवळ वाकला. "साहेब, हा तर आमचा शेजारी! बांधावरून काकीशी भांडायचा."

गावातल्या सगळ्यांना मग त्या ठिपक्यांत शेजारीच दिसू लागला. जमाव त्याच्या दारात पोहोचला, तेव्हा आम्ही त्याला ताब्यात घेतलं नसतं तर त्याचा जीव गेला असता.

"मी वाशिंदला काम बघाया गेलो व्हतो, साहेब," तो म्हणाला.

"तुला तिथं कोणी पाहिलं?"

"माझ्याकडं कोन बघनार?"

सराईत माणूस उत्तरं तयार ठेवून येतो. हा प्रत्येक प्रश्नाला अडखळत होता. जमावाच्या भीतीनं त्याला ठाण्यातच ठेवून, अटक न दाखवता मी चौकशी चालू ठेवली. पुतण्या रोज ठाण्यात यायचा, हात जोडून विचारायचा, "त्याला फाशी कधी?"

एके सकाळी वाशिंदची एक तरुणी होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. खुनाच्याच दिवशी या दोघांनी सापगावच्या पुलाजवळ भातसा नदीकाठी लग्नाआधीचे फोटो काढून घेतले होते. सीसीटीव्हीतलं चित्र तिला व्हॉट्सॲपवर आलं होतं आणि तसाच शर्ट तिला आपल्या एका फोटोत मागे दिसला होता.

तिनं मोबाइल पुढे केला. फोटो मोठा करताच मागचा माणूस धूसर होऊन गेला. "साहेब, व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो लहान होतो. मूळ फाईल फोटोग्राफरकडे आहे."

फोटोग्राफरला बोलावलं. त्याचा कॅमेरा मोठ्या लेन्सचा. पूल आणि डोंगरही यावेत म्हणून त्यानं मागचं सगळं स्पष्ट ठेवलं होतं. मेमरी कार्ड पंचांसमक्ष ताब्यात घेतलं आणि फोटो संगणकावर उघडला. पुढे हसणारं जोडपं. मागे पुलाखाली एक माणूस, पाण्यात गाठोडं फेकताना हात उचललेला. मी चित्र मोठं करत गेलो. चेहरा जराही विरला नाही.

पुतण्या होता. माझ्या हवालदाराच्या तोंडून नुसतं "अरे देवा" निघालं.

घटनेच्या वेळी आपण मुरबाडच्या बाजारात होतो, असा जबाब त्यानं दिला होता. मी फोटो त्याच्यापुढे ठेवला.

"फोटोत आजकाल कायपण करता येतं, साहेब."

"कार्डावरची मूळ फाईल आहे. वेळही नोंदलेली आहे."

त्यानं फोटो माझ्याकडे परत सरकवला. मग शांतपणे म्हणाला, "शेतात राबलो मी, आन काकी जमीन देनार व्हती पोरीला. मुरबाडला दिलेल्या पोरीला!" डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. भिंतीवर डोकं आपटणारा माणूस तो हाच, हे माझ्या मनाला पटेना.

त्यानं दाखवलेल्या जागी पट्टीच्या पोहणाऱ्यांनी गाठोडं काढलं. चोरी वाटावी म्हणून काढून नेलेले दागिने त्यातच होते. पुढे न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला.

त्यानंतर नोकरी असेपर्यंत मी प्रत्येक तपासात मूळ फाईल मागत आलो. धुरकट चित्रातला माणूस ओळखणाऱ्याकडे मात्र मी चित्रापेक्षा जास्त लक्ष देऊ लागलो. चित्रात नसलेलं तोच भरत असतो.

शेजाऱ्याला सोडलं, त्या दिवशी गावचे चारपाचजण त्याला न्यायला आले होते. मान खाली घालून उभे होते. त्यातला एकजण पुटपुटला, "फोटोच साफ नव्हता रे."

शेजारी पायरीवर थांबला. "फोटो साफ नव्हता," तो म्हणाला, "पन मला तर तुमी जल्मापासून जवळून बघताय ना?"